दुसरी सर्व्हिस आधी मनात: टेनिसचा मानसिक सराव पायरीपायरीने

सरावाच्या वेळी बादलीभर चेंडू आरामात बॉक्समध्ये (सर्व्हिस जिथे पडायला हवी त्या चौकटीत) टाकणारा खेळाडू मॅचमध्ये ३०-४० असताना दुसरी सर्व्हिस, म्हणजे पहिली चुकल्यावर मिळणारी शेवटची संधी, नेटमध्ये घालतो. नाहीतर ती इतकी हळू टाकतो की समोरचा दोन पावलं पुढे येऊन ती फटकावतो. याचं कारण बहुतेक वेळा हाताच्या तंत्रात नसतं. सरावात एकामागून एक चेंडू येत राहतात आणि हाताला लय मिळते. चुकलं तर पुढचा चेंडू खिशात असतोच. मॅचमध्ये चेंडू एकच. त्याआधी थांबणं, चालणं, स्कोअर, समोरच्याची नजर हे सगळं असतं, आणि या 'त्याआधी'चा सराव आपण जवळपास कधीच करत नाही. मानसिक सरावाचा खरा उपयोग तिथे आहे.

मानसिक सराव म्हणजे डोळे मिटून कप उचलल्याची स्वप्नं पाहणं नव्हे, आणि 'मी जिंकणार' असं घोकणंही नव्हे. एक ठरावीक हालचाल तिच्या संवेदनांसह, खऱ्या वेगाने, मनात पूर्ण करायची आणि लगेच खऱ्या चेंडूवर तपासायची, एवढंच ते काम आहे. १९८३ आणि १९९४ मध्ये संशोधकांनी अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिले. दोन्ही वेळा दिसलं की काहीच न करण्यापेक्षा मानसिक सराव चांगला, आणि १९९४ च्या आढाव्यात हेही दिसलं की प्रत्यक्ष सरावापेक्षा त्याचा परिणाम कमी. म्हणून कोर्टवरचे तास कमी करून हे करू नका. आणि जो फटका अजून शिकलाच नाही, तो मनात घोटू नका, कारण शरीराकडे आठवायला काही नसेल तर मन चुकीची हालचाल रचतं आणि तीच पक्की होते.

या लेखात उदाहरण म्हणून एकच फटका घेतला आहे: उजव्या हाताने खेळणाऱ्याची अ‍ॅड कोर्टमधली (बेसलाइनच्या मध्यखुणेच्या डावीकडून टाकायची) दुसरी सर्व्हिस, किक मारून, म्हणजे वर घासून फिरकी देत, समोरच्याच्या बॅकहँडला. डावखुऱ्यांनी बाजू उलटी करून वाचावं. पद्धत कळली की ती रिटर्न, व्हॉली, अ‍ॅप्रोच, सगळीकडे चालते.

काय काय लागेल

- तुमची नेहमीची रॅकेट, कोर्टवरचे बूट आणि एक वापरलेला चेंडू (नव्या चेंडूची लव वेगळी लागते)
- स्टॉपवॉच आणि व्हिडिओसाठी मोबाइल, शक्य असल्यास छोटा स्टँड
- वही आणि पेन. मोबाइलमधल्या नोट्सपेक्षा वही बरी, कारण मोबाइल हातात आला की मेसेज वाचले जातात
- कोर्टवर खूण करायला चार छोटे शंकू किंवा दोरी
- २० चेंडू
- घरात हात वर करून उभं राहता येईल एवढी मोकळी जागा. पंख्याखाली उभे राहू नका

१. आधी मोजमाप करा

सर्व्हिस बॉक्सची लांबी नेटपासून सर्व्हिस लाइनपर्यंत ६.४० मीटर असते. नेटपासून ३.२० मीटरवर दोरी टाका म्हणजे बॉक्सचे दोन भाग होतील. वॉर्म-अप झाल्यावर अ‍ॅड कोर्टमधून २० दुसऱ्या सर्व्हिस टाका. प्रत्येक चेंडूनंतर बेसलाइनपासून मागे जा, वळा, परत या, मगच पुढचा चेंडू. वहीत चार रकाने करा: दोरीपलीकडे बॉक्समध्ये, दोरीअलीकडे बॉक्समध्ये, नेटमध्ये, बाहेर.

हा आकडा महत्त्वाचा आहे. पुढे दोन आठवड्यांनी हेच मोजमाप पुन्हा करायचं आहे, आणि 'बरं वाटतंय' या भावनेवर विसंबायचं नाही. शिवाय चुका कुठे होतात तेही यातून दिसतं. नेटमधले जास्त असतील तर बहुधा डोकं लवकर खाली जातंय किंवा घाबरून हात आवरला जातोय. बाहेरचे जास्त असतील तर रॅकेट चेंडूला घासण्याऐवजी सरळ मागून ढकलते आहे. मनात कोणता भाग घोटायचा ते इथे ठरतं.

२. तुमच्याच चांगल्या सर्व्हिसचा व्हिडिओ घ्या

दोन कोनांतून घ्या: पाठीमागून आणि बाजूने. दहा-बारा सर्व्हिसमधून दोन चांगल्या निवडा, बाकीच्या पुसून टाका. मोठ्या खेळाडूंचे व्हिडिओ पाहायला हरकत नाही, पण मनात घोटायला ते उपयोगाचे नाहीत. त्यांच्या खांद्याची लवचीकता, उंची आणि टॉस तुमच्यासारखा नसतो. आपलं शरीर जे करू शकतं त्याचाच सराव मनात करायचा.

कोच असतील तर निवडलेले दोन व्हिडिओ त्यांना दाखवून खात्री करून घ्या. चुकीचा टॉस शंभर वेळा मनात घोटला तर तो शंभर पटीने चिवट होतो.

३. संहिता लिहा

हा भाग सगळे टाळतात, आणि इथेच काम होतं. संहिता म्हणजे सात-आठ छोटी वाक्यं, वर्तमानकाळात, स्वतःच्या संवेदनांबद्दल. नमुना असा:

'बेसलाइनमागे, मध्यखुणेच्या डावीकडे. डाव्या बोटांना चेंडूची लव लागते. चेंडूचे जमिनीवर तीन टप्पे. श्वास पूर्ण सोडला, खांदे खाली. बॉक्सच्या उजव्या बाहेरच्या भागाकडे नजर, रेषेच्या मीटरभर आत. चेंडू वर, डोक्याच्या किंचित डावीकडे, छाती आकाशाकडे. तळव्यांतून जोर वर येतो. रॅकेट खालून डावीकडून वर उजवीकडे घासत जाते, तारांचा खर्र आवाज. चेंडू नेटच्या मीटरभर वरून जातो, खाली वळतो, टप्पा पडून उंच उसळतो. मी कोर्टात, पाय फाकलेले, परतीच्या चेंडूसाठी तयार.'

यात तीन गोष्टी मुद्दाम आहेत. एक, नेटवरची उंची ठरवली आहे. नेट मधोमध ०.९१४ मीटर आणि खांबांपाशी १.०७ मीटर उंच असतं. दुसरी सर्व्हिस नेटला चाटून न्यायची नसते, भरपूर वरून न्यायची असते, आणि ती आत पडते ती फिरकीमुळे. घाबरलेला खेळाडू नेमकं उलट करतो: हात हळू करतो. हात हळू झाला की फिरकी जाते, फिरकी गेली की चेंडू खाली वळत नाही. म्हणून संहितेत 'जोर वर येतो' हवं, 'जपून' हा शब्द नको. दोन, लक्ष्य रेषेवर नाही, मीटरभर आत आहे. तीन, शेवट सर्व्हिसवर होत नाही, पुढच्या फटक्याच्या तयारीवर होतो. मनातली सर्व्हिस टप्प्यावर थांबवली तर मॅचमध्येही खेळाडू आपलीच सर्व्हिस बघत उभा राहतो.

संहितेत नकार लिहू नका. 'नेटमध्ये घालायची नाही' असं वाचलं की मनात पहिल्यांदा उभं राहतं ते नेट. १९८५ मध्ये गोल्फच्या पटिंगवर झालेल्या प्रयोगात ज्यांना चेंडू चुकताना मनात पाहायला सांगितलं, त्यांची कामगिरी घसरली. लक्ष्य, उंची, आवाज, हे लिहा.

४. आतून पाहा

एक प्रकार बाहेरून पाहण्याचा, जणू स्वतःचा व्हिडिओ बघतोय. दुसरा आतून: स्वतःच्या डोळ्यांतून समोरचं नेट, हातातला टॉस, वर जाणारा चेंडू. शरीराची जाणीव आतून पाहताना सोपी येते, म्हणून मुख्य सराव आतूनच करा. बाहेरचा कोन फक्त हालचालीचा आकार तपासायला वापरा, म्हणजे टॉसच्या वेळी डावा हात किती उशिरापर्यंत वर राहतो वगैरे. एका बैठकीत सुरुवातीला दोन वेळा बाहेरून, बाकी सगळं आतून, एवढं पुरतं.

काहींना चित्र दिसतच नाही, मिटलेल्या डोळ्यांसमोर नुसता अंधार असतो. त्यांनी निराश होऊ नये. चित्रावर वेळ घालवण्याऐवजी तळव्यांतला दाब, मुठीची पकड, तारांचा आवाज यांवर संहिता उभी करा.

५. उभे राहा, बूट घाला, रॅकेट हातात घ्या

२००१ मध्ये पॉल होम्स आणि डेव्ह कॉलिन्स या संशोधकांनी 'पेटलेप' नावाने सात घटक मांडले: शरीराची स्थिती, परिसर, काम, वेळ, शिकण्याचा टप्पा, भावना आणि दृष्टिकोन. व्यवहारात अर्थ सोपा आहे. मनातली परिस्थिती खऱ्या परिस्थितीच्या जितकी जवळ, तितका फायदा. पलंगावर आडवं पडून, मंद संगीत लावून केलेल्या सरावात दोन गोष्टी होतात. एकतर झोप लागते, आणि नाही लागली तरी शरीर ढिलं असतं, तर सर्व्हिस करताना ते ढिलं नसतं.

म्हणून उभे राहा. पाय सर्व्हिसच्या जागी, बूट पायात, पकड कॉन्टिनेन्टल (हातोडी धरल्यासारखी), दुसऱ्या हातात चेंडू. टॉसचा हात थोडा हलला तरी चालेल. पण पूर्ण स्विंग करू नका, तो शॅडो सराव (चेंडूशिवाय पूर्ण फटका मारणं) झाला. तोही चांगला, पण वेगळा.

परिसरही घ्या. आपल्या नेहमीच्या कोर्टचा, बेसलाइनवरून दिसणारा फोटो काढून ठेवा आणि सुरुवातीला अर्धा मिनिट पाहा: मागची जाळी, झाड, शेजारच्या कोर्टवरचा गलका. स्पर्धा दुसऱ्या गावी असेल तर आदल्या दिवशी पोहोचल्यावर तिथला फोटो घ्या. उन्हाची दिशा लक्षात ठेवा, कारण सकाळी एका टोकाकडून सर्व्ह करताना टॉस थेट सूर्यात जातो आणि त्याची मनात आधी तयारी असली पाहिजे.

६. घड्याळाशी जुळवा

कोर्टवर कोणाला तरी स्टॉपवॉच देऊन तुम्ही मारलेल्या चेंडूच्या पहिल्या टप्प्यापासून स्प्लिट स्टेपपर्यंतचा (परतीच्या चेंडूसाठी तयार होतानाच्या छोट्या उडीपर्यंतचा) वेळ पाच वेळा मोजून घ्या. आता घरी डोळे मिटून तेच मनात करा, सुरुवातीला आणि शेवटी बटण दाबा. १९८९ मध्ये झालेल्या प्रयोगात ठरावीक अंतर मनात चालायला आणि प्रत्यक्ष चालायला लागणारा वेळ जवळपास सारखा आला होता, तेव्हा ही तपासणी विश्वासाची आहे.

समजा, कोर्टवर ९ सेकंद लागतात आणि मनात ५. म्हणजे तुम्ही काहीतरी गाळताय, बहुधा टप्पे आणि श्वास. मनात १४ लागत असतील तर तुम्ही हालचाल करत नाही, स्वतःला सूचना देताय: 'आता गुडघा, आता खांदा'. दोन्ही वेळा संहिता कापा किंवा भरा. फरक एका सेकंदाच्या आत आला की पुढे जा. स्लो मोशन वापरायचीच असेल तर फक्त एखादा बिघडलेला भाग सुधारायला, दोन-तीन वेळा, आणि लगेच पुन्हा खऱ्या वेगात. सतत संथ घोटलं तर हाताला ती संथ लयच लागते.

७. मनातला चेंडू नेटमध्ये गेला तर

जाणारच. नवख्यांचा धीर इथेच सुटतो, 'मला मनातही जमत नाही' म्हणून. गेलेला चेंडू तसाच सोडून पुढे जाऊ नका आणि जबरदस्तीने बॉक्समध्ये ओढूही नका. डोळे उघडा, एक श्वास घ्या, आणि टॉसच्या क्षणापासून पुन्हा सुरू करा. सलग तीनदा गेला तर बैठक तिथेच थांबवा. निवडलेला व्हिडिओ दोनदा पाहा. तरीही तेच झालं तर लक्ष्य मोठं करा: कोपरा सोडा, पूर्ण बॉक्स घ्या.

८. खऱ्या चेंडूला जोडा

घरची बैठक: ८ पुनरावृत्तींचे ३ संच, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. साधारण दहा मिनिटांत होतं. आठवड्यातून चार दिवस पुरे. १९९४ च्या आढाव्यात वीस मिनिटांच्या आसपासची बैठक योग्य ठरली होती. त्याहून लांबवण्यात अर्थ नाही, लक्ष उडालं की उरलेल्या पुनरावृत्ती कच्च्या होतात. त्याच आढाव्यात दिवस जातील तसा परिणाम विरत जातो असंही दिसलं, म्हणून महिन्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा हे थोडंथोडं बरं.

कोर्टवर: २० चेंडू घ्या. एक सर्व्हिस पूर्ण मनात, लगेच एक खरी. मनात जे पाहिलं आणि प्रत्यक्षात जे झालं त्यात काय वेगळं होतं ते दोन शब्दांत मनाशी म्हणा: 'टॉस पुढे', 'हात हळू'. मगच पुढचा चेंडू. हे बारा-पंधरा मिनिटं घेतं आणि थकवतं. सराव संपताना अंगात त्राण नसताना ठेवू नका, वॉर्म-अपनंतर लगेच ठेवा.

लहान मुलांसाठी, म्हणजे दहाच्या आतबाहेर, हे सगळं बरंच कमी करा: ५ पुनरावृत्ती, संहिता तीन वाक्यांची. पालकांनी शेजारी उभं राहून 'दिसलं का?' असं विचारत राहू नये. मूल 'हो' म्हणतं आणि मनात काहीच करत नाही.

९. दुसऱ्या आठवड्यापासून दबाव घाला

शांत मनात शंभर टक्के आत जाणारी सर्व्हिस अपुरी आहे. आता प्रत्येक पुनरावृत्तीला स्कोअर द्या. ३०-४०. टायब्रेक ५-६. पहिली सर्व्हिस नुकतीच नेटच्या पट्टीवर आपटून बाहेर गेली. छातीतली धडधड, कोरडं तोंड, ओला तळवा हेही आणा आणि त्यांच्यासकट सर्व्हिस पूर्ण करा. भीती मनातून काढून टाकायची नाही, ती असताना हात पूर्ण वेगाने कसा जातो तेवढं शिकायचं आहे. धडधड आणणं जमत नसेल तर बैठकीआधी जागेवर अर्धा मिनिट धावा.

समोरचा खेळाडू पुढे सरकतोय, प्रेक्षक त्याच्या बाजूने ओरडताहेत, हेही घ्या. १४ जुलै २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात नोव्हाक जोकोविचने पाचव्या सेटमध्ये ७-८ वर, रॉजर फेडररच्या सर्व्हिसवर, दोन चॅम्पियनशिप पॉइंट वाचवले आणि १३-१२ ने सेट जिंकला. सामन्यानंतर त्याने सांगितलं की लोक 'रॉजर' ओरडत असताना आपण ते 'नोव्हाक' म्हणून ऐकण्याचा प्रयत्न करत होतो. आवाज बंद करणं त्याच्या हातात नव्हतं, त्याचं काय करायचं ते होतं. तुमच्या स्पर्धेत शेजारच्या कोर्टवरून चेंडू घरंगळत येणं, पंचांशी वाद, समोरच्याच्या वडिलांच्या टाळ्या असं काही असेल. जे खरंच होतं तेच मनात घ्या.

१०. मॅचमध्ये कधी आणि किती

दोन पॉइंटमध्ये २५ सेकंद असतात. नेटकडे पाठ करा, तारा नीट करा, एक लांब उच्छ्वास: इथे दहाएक सेकंद जातात. मग कुठे टाकायची ते ठरवा. शेवटी बेसलाइनवर, टप्पे मारायच्या आधी, एकदाच चेंडूचा मार्ग मनात पाहा, नेटवरच्या उंचीपासून टप्प्यापर्यंत. दोन सेकंद. पूर्ण संहिता इथे म्हणायची नाही. मॅचमध्ये हाताच्या भागांचा विचार केला की सुटा होणारा हात आखडतो.

आता सगळ्यात मोठा सापळा. पहिली सर्व्हिस चुकल्यावर दुसरीसाठी २५ सेकंद मिळत नाहीत. नियमाप्रमाणे ती विनाविलंब टाकायची असते. म्हणून दुसऱ्या सर्व्हिसचं चित्र पहिलीच्या आधीच ठरलेलं हवं. चुकल्यावर फक्त एक छोटा वळसा, एक श्वास, एक नजर, टप्पे. जो खेळाडू चुकल्यावर विचार सुरू करतो, तो घाईत टॉस करतो.

बाजू बदलताना ९० सेकंद मिळतात. पहिला एक मिनिट पाणी, टॉवेल, श्वास. उभं राहण्याआधीच्या वीस सेकंदांत पुढच्या गेमचे पहिले दोन पॉइंट मनात खेळा. पण प्रत्येक सेटच्या पहिल्या गेमनंतर आणि टायब्रेकमध्ये दर सहा पॉइंटनंतर बाजू बदलते तेव्हा बसायला वेळ नसतो. तिथे चालताचालता एकच चित्र घ्या.

रिटर्नसाठी वेगळं. क्लब पातळीवर १२० किमी वेगाने निघालेली सर्व्हिस सुमारे एका सेकंदात तुमच्यापर्यंत पोहोचते. समोरच्याचा टॉस हवेत असताना कल्पना करत बसलात तर चेंडू निघून गेलेला असेल. रिटर्नचं चित्र त्याच्या टप्प्यांच्या वेळी पाहा आणि टॉस होताच सोडून द्या. नजर चेंडूवर.

पावसाळ्यात आणि दुखापतीत

जून ते सप्टेंबर पुण्या-मुंबईतली उघडी कोर्ट दिवसेंदिवस ओली असतात, आणि मातीची कोर्ट पाऊस थांबल्यावरही सुकायला वेळ घेतात. अशा आठवड्यांत घरच्या बैठका चारवरून सहा करा आणि जोडीला भिंतीपाशी टॉसचा सराव ठेवा: दार बंद करून, चेंडू हातातून सुटून ठरवलेल्या उंचीपर्यंत जातो आणि परत त्याच हातात येतो का ते पाहायचं. कोर्ट उघडल्यावर पहिल्या दिवशी मोजमाप करू नका, दोन सत्रं खेळल्यावर करा. खांद्याची सवय मनाने टिकत नाही, ती आधी परत यावी लागते.

खांदा किंवा कोपर दुखत असेल तर रॅकेट हातात घेऊ नका, हात मोकळा ठेवा. कल्पना करताना मूठ आवळली जाते आणि दुखऱ्या कोपरावर तोही ताण पडतो. घोटा मुरगळला असेल तर खुर्चीवर बसून रिटर्न आणि व्हॉली घोटा, दुखऱ्या पायावर जोर देणारी हालचाल सोडा. फिजिओथेरपिस्टने सर्व्हिसची परवानगी दिल्यावर पहिल्या आठवड्यात एका खऱ्या सर्व्हिसमागे तीन मनातल्या असं प्रमाण ठेवा, दुसऱ्या आठवड्यात एकास एक. दुखणं बाजूला ठेवूनही संहिता दर सहा-आठ आठवड्यांनी नव्याने लिहावी लागते, कारण टॉस बदलतो, पकड बदलते, लक्ष्य बदलतं, आणि जुनी वाक्यं वाचताना शरीर काहीच प्रतिसाद देईनासं झालं की वहीचं नवं पान काढायची वेळ झालेली असते.